मुंबईची ट्राम बंद का केली? आणि आपल्या सांगली-मिरज पट्ट्यात कधी का नाही आली?

विश्रामबागचा_पक्या:
मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

काल कट्ट्यावर आमचा नेहमीचा विषय निघाला, सांगली-मिरज रस्ता. संध्याकाळच्या टायमाला विश्रामबाग चौकातनं मिरजेकडं निघायचं म्हणजे काय असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको, वडापवाला (शेअर जीप-रिक्षावाला) मागं भरून झालं की पुढं स्वतःच्या दोन्ही बाजूला माणसं घेतो आणि तरी म्हणतो सरका जरा. तर एकजण म्हणाला ह्या रस्त्याला खरं तर ट्राम पाहिजे होती. बघा की, सरळ सपाट रस्ता, दोन टोकाला दोन गावं, मधे कॉलेजं, दवाखाने, सगळं दहा किलोमीटरच्या आत. लगेच दुसरा म्हणाला ट्राम म्हणजे जुनाट प्रकार, मुंबईत तोट्यात गेली म्हणून तर गुंडाळली. तिसऱ्याचं म्हणणं तोटा-बिटा काय नाही, बसवाल्यांनी डाव साधला. मग जे व्हायचं तेच झालं, चहा थंड आणि आवाज वर.

मला स्वतःला दादर टीटी (ट्राम टर्मिनस) ह्या नावापलीकडं ट्रामबद्दल काही माहीत नाही. तर मुंबईत ट्राम आणली कुणी, किती वर्षं चालली आणि चालू असलेली बंद का केली? आणि आपल्याकडं संस्थानांच्या काळात हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही का? इथले संस्थानिक पटवर्धन सरकार असल्या नव्या गोष्टींत मागं नव्हते. शोधून बघितलं तर सगळीकडं त्याच त्या चार ओळी फिरतायत. जाणकारांनी जरा ऐसपैस सांगा.

लालबागचे_अण्णा (हल्ली मुक्काम तासगाव):
पक्या, तारीख आधी घे, ९ मे १८७४. पण गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते आणि ती कापसाची आहे.

१८६५ ला एका अमेरिकन कंपनीनं मुंबईत घोड्याची ट्राम टाकायचा परवाना मागितला, मिळाला पण. रूळ मात्र पडलेच नाहीत. त्याचं कारण असं की त्याच्या आधी चार वर्षं अमेरिकेत यादवी चालली होती, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, त्यामुळं आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा नुसता वाहत होता, रोज नवीन बँक, रोज नवीन समुद्र बुजवायची कंपनी, आणि शेअरचा सट्टा तर विचारू नका. १८६५ ला तिकडचं युद्ध संपलं आणि इकडं भाव धाडकन आपटला. भले भले शेठ दिवाळखोर झाले, त्यात ट्रामचा परवाना कुणाच्या लक्षात राहतोय.

मग १८७३ ला बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली. स्टर्न्स अँड किटरेज म्हणून पार्टी होती, त्यांचा आणि म्युनिसिपालिटीचा करार झाला, २१ वर्षांसाठी ट्राम चालवायचा हक्क मिळाला, १८७४ ला त्यासाठी वेगळा कायदाही झाला. पहिले मार्ग दोन. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरनं पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे आणि गंमत म्हणजे तिकीट नावाचा कागदच नव्हता. गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर आणलं, आणि मग फुकटे पण वाढले म्हणून त्याच वर्षात तिकिटं छापायला घेतली. म्हणजे आपल्या देशात विनातिकीट प्रवास तिकिटाच्याही आधीपासून आहे.

गाड्या दोन तऱ्हेच्या, एका घोड्याच्या आणि दोन घोड्यांच्या. लोकांना वाटतं घोडा म्हणजे स्वस्त काम. अजिबात नाही. रुळावर डबा हलका जातो हे खरं, म्हणून तर टांग्यात चार माणसं आणि ट्रामच्या डब्यात त्याच्या कितीतरी पट. पण सारखं थांबायचं आणि सारखं भरलेला डबा जागेवरनं ओढून काढायचा, ह्यात जनावराच्या छातीवर मरणाचा ताण येतो. त्यामुळं एक जोडी दिवसाला चारपाच तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत एक डबा चालवायचा तर मागं तबेल्यात सात-आठ जनावरं पाहिजेत, वर आजारी पडलेली वेगळी. कंपनीकडं शेवटी शेवटी हजारावर घोडे होते. त्यांचा दाणा, वैरण, नाल, मोतद्दार, लीद उचलणारे. ट्राम कंपनी कसली, मोठी पागाच ती. म्हणून विजेचं नाव निघाल्यावर कंपनीनं लगेच उडी मारली.

विजेवर चालवायला परवानगी द्या म्हणून १८९९ ला अर्ज केला होता, पण म्युनिसिपालिटी आणि कंपनी ह्यांच्यात कंपनी कुणी घ्यायची, किती पैशात, ह्यावर वर्षानुवर्षं घोळ. १९०५ ला करार झाला आणि बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज म्हणजे आपली बेस्ट जन्माला आली. वाडीबंदरला वीजघर उभं राहिलं. विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७. आता हे नीट लक्षात घ्या, मुंबईत घराघरात वीज पोचली ती ट्रामच्या आडून. तोच करार, तीच कंपनी, एका हातानं ट्राम चालवायची आणि दुसऱ्या हातानं वीज विकायची. पुढं कितीतरी वर्षं विजेच्या नफ्यावर वाहतुकीचा तोटा भागत आला तो ह्याच जोडीमुळं. तोट्याचा हिशेब काढणाऱ्यांनी हे आधी बघावं.

सप्टेंबर १९२० ला दुमजली ट्राम आली कारण एकमजलीत माणूस मावेना. आणि १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस. ती पण ह्याच कंपनीची. ७ ऑगस्ट १९४७, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, सगळा कारभार म्युनिसिपालिटीकडं आला. ३१ मार्च १९६४ ला रात्री दहाला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम सुटली. नव्वद वर्षं झाली म्हणा ना. बंद का केली ते जेवून येऊन लिहितो, नातवंडं बोलवायला लागलीत.

भडंगप्रेमी:
अण्णा जेवायला गेले म्हणजे आता उद्याच 😄 तोवर पक्या तू वडापच्या पुढच्या सीटवर सरकून बस

मिरज_जंक्शन:
अण्णा येईपर्यंत दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो, कारण ह्यात मिरज आहे आणि मिरजेबद्दल कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रात ट्राम म्हटलं की लोक मुंबईवर थांबतात. नाशिकला पण होती! १८८९ पासून. नाशिक रोड स्टेशन ते गावातल्या मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत, अडीच फुटी रूळ (म्हणजे दोन रुळांत अंतर अडीच फूट), दोन डबे आणि पुढं चार घोडे. मधला सगळा भाग तेव्हा जंगल. १९३० नंतर दोनतीन वर्षांत बंद पडली. आता नाशिकलाच का? तर मुंबईहून जाणारी मोठी रेल्वे नाशिक गावाला टाळून आठ-नऊ किलोमीटरवरनं गेली. स्टेशन एकीकडं, गोदावरी आणि देवळं दुसरीकडं, आणि यात्रेकरू बारा महिने. म्हणजे शहराच्या आत फिरायला म्हणून ही ट्राम आलीच नव्हती, स्टेशन आणि गाव जोडायला आली होती.

आता सांगलीकडं बघा. सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर) लाईन पुण्याहून निघून मिरजेवरनं खाली लोंढ्याकडं गेली, १८९० च्या आसपास. सांगली गाव बाजूला राहिलं. अंतर पण साधारण नाशिकएवढंच. म्हणजे दुखणं तेच होतं पण औषध वेगळं घेतलं, ट्रामच्या ऐवजी संस्थाननं मिरज-सांगली रेल्वेचा फाटाच टाकला, १९०७ ला. (मुंबईत विजेची ट्राम आली तेच वर्ष बघा.) आणि हे डोकं चालवून केलेलं काम आहे. नाशिकला माणसं न्यायची होती, सांगलीला माल न्यायचा होता. हळद आणि गूळ! हरिपूरच्या पेवातनं (जमिनीखालच्या कोठारातनं) निघालेली हळद पोत्यात भरून परगावी पाठवायची तर घोड्याच्या ट्रामचा काय उपयोग? सांगलीत चढवा, मिरजेत उतरवा, परत मोठ्या गाडीत चढवा, हमाली दोनदा आणि पोती फाटायची ती वेगळी. तेच फाटा मीटरगेजचा असला की सांगलीत भरलेली वाघीण (मालाचा डबा) मिरजेत नुसती मोठ्या गाडीला जोडायची. माणसं काय, त्याच रुळावर शटलनं गेली. पटवर्धन सरकारांच्या डोक्यात आलं नाही असं नाही पक्या, त्यांनी ट्रामपेक्षा वरचं काम केलं.

आणि सांगली-मिरज ही तेव्हा दोन वेगळी संस्थानं, मिरजेची परत थोरली पाती धाकटी पाती, धाकटीचा कारभार बुधगावला. रस्त्यावर मधोमध ट्राम टाकायची तर हद्द कुणाची, रूळ कुणाचे, जकात कुणाची ह्यातच एक पिढी गेली असती. वर विश्रामबाग म्हणजे तेव्हा मोकळं रान, विलिंग्डन कॉलेज तिथं १९१९ ला आलं. मधे माणूसच नाही तर मधल्या स्टॉपला चढणार कोण? ट्रामला दर दोन-तीनशे पावलांवर गिऱ्हाईक लागतं.

आता खरी मजा. नाशिक ट्रामच्या कामात सल्लागार इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. ह्याच माणसानं पुढं बार्शी लाईट रेल्वे काढली, १८९७ ला, त्याच अडीच फुटी गेजवर. त्याचं सगळं डोकं एकाच गोष्टीभोवती, रूळ हलके वापरायचे, वजन प्रत्येक चाकावर सारखं वाटायचं, एका आसावर पाच टनांच्या वर भार नाही, म्हणजे तीस पौंडी (एका वाराला तीस पौंड वजनाच्या) रुळावर पण मोठ्या रेल्वेसारखं काम होतं. ती बार्शी लाईट कुर्डुवाडीवरनं पंढरपूरला गेली आणि १९२७ ला पंढरपूरहून थेट मिरजेला! सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग करत यायची, आषाढीला टपावर पण माणसं. म्हणजे नाशिकच्या घोड्याच्या ट्रामचं चुलत भावंड मिरज स्टेशनात येऊन २०१० च्या आसपासपर्यंत उभं राहत होतं, आणि आपण तिला नुसतं छोटी गाडी म्हणत होतो. १९७१ नंतर ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही गेज मिरजेत, असं जंक्शन देशात शोधून सापडायचं.

हा कॅलथ्रॉप घोड्यांचा पण शौकीन, अरबी घोडे पाळायचा, आणि पहिल्या महायुद्धात विमानातनं उडी मारायचं पॅराशूट बनवलं त्यानं. ट्राम, रेल्वे, घोडा, पॅराशूट. माणसानं किती ठिकाणी नाक खुपसावं!

कंदी_पेढा_सातारा:
मिरजकर, स्टेशन आणि गाव लांब असायचं दुखणं आमच्या साताऱ्याला पण होतं की. जुनी लाईन पाडळीवरनं गेली, स्टेशनचं नाव सातारा रोड, आणि सातारा कुठं तर डोंगराच्या पलीकडं. आता माहुलीला आहे तेही काय गावात नाहीच. पण आम्हाला ना ट्राम मिळाली ना फाटा, आम्हाला एसटी मिळाली.

अण्णांनी इतिहास सांगितला, मी आमच्या आजोबांचं सांगतो. आजोबा जावळीचे, परळला गिरणीत होते, सांचा खात्यात, म्हणजे मागावर. साताऱ्याकडची माणसं मुंबईत गेली ती बहुतेक सगळी परळ-लालबागलाच, एका खोलीत एका गावची वीस-पंचवीस, पाळी बदलली की वळकटी बदलायची. त्यांना ट्राम म्हणजे घरच्यासारखी. ते सांगायचे मोटरमन उभ्यानंच गाडी चालवायचा, एका हातात हँडल, दुसऱ्या हाताशी ब्रेकचं चाक, आणि पायाखाली घंटा, टाचेनं दाबली की ठण् ठण्. रस्त्यात हातगाडी आली की बिचारा दुसरं काय करणार, वळवता तर येत नाही, नुसता पाय आपटत राहायचा आणि तोंडानं शिव्या.

टपावर एक लांब दांडा असायचा, त्याच्या टोकाला चाक, ते वरच्या तारेला घासत जायचं. सांध्यावर किंवा वळणावर कधीतरी ते चाक तारेवरनं निसटायचं, की गाडी जागेवर थंड, दिवे गुल. मग कंडक्टर खाली उतरणार, मागची दोरी ओढून दांडा परत तारेखाली आणणार, अंधारात चाचपडत, आणि बसलं की निळी ठिणगी उडायची भर्रकन. आमची आत्या लहान होती, तिला म्हणे ती ठिणगी बघायलाच ट्रामनं जायचं असायचं. पोरं संक्रांतीच्या आधी काचेचे तुकडे रुळावर ठेवायची, ट्राम गेली की पीठ, ते खळीत घालून मांजा. फुकटची चक्की.

चालत्या ट्राममधनं उतरायचं पण एक शास्त्र होतं, तोंड गाडी जाते तिकडं ठेवायचं, आधी डावा पाय, आणि दोन पावलं पळायचं. नवीन आलेला गावाकडचा माणूस उलटं तोंड करून उतरायचा आणि रस्त्यात बसायचा, मग अख्खी ट्राम हसायची, आणि आजोबा म्हणायचे हसणाऱ्यातले निम्मे मागच्या महिन्यात तसेच बसलेले असायचे. शेवटच्या दिवशी ते पाळी संपवून दादरला बघायला गेले होते. मी विचारलं काय बघितलं, तर म्हणाले माणसांची डोकी.

आणि एक अभिमानाची गोष्ट लिहून ठेवतो. कोयनेची वीज १९६२ ला सुरू झाली. म्हणजे आमच्या पाटण तालुक्यातल्या धरणाच्या पाण्यावरची वीज मुंबईकडं जायला लागली आणि दोन वर्षांत ह्यांनी विजेवरची गाडी बंद केली. ह्याला काय म्हणायचं!

लालबागचे_अण्णा:
आलो. कंदी पेढा, तुमच्या आजोबांसारखी माणसं आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर खानावळीत जेवायची, वाचून बरं वाटलं. आमच्या वडिलांनी पण काचेच्या पिठाचा मांजा केलाय.

तर बंद का केली. तोट्यात होती म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं.

पहिली गोष्ट रस्त्याची. मुंबईत ट्रामचे रूळ रस्त्याच्या मधोमध होते आणि त्या रुळावर बाकी सगळ्यांना पण चालायची मुभा. घोड्यांच्या काळात ठीक होतं, सगळेच हळू. पण मोटारी वाढल्या तशी ट्राम त्यांच्यात अडकायला लागली, आणि अडकली की तिला बाजूनं काढता येत नाही. एक बैलगाडी रुळावर मोडली की तिच्यामागं सगळ्या ट्रामांची माळ. आणि लोक रस्त्याच्या मध्यावर चढणार-उतरणार, फूटपाथपासून तिथवर मोटारी चुकवत जायचं. मग पेपरात पत्रं यायची ट्राममुळं वाहतूक तुंबते म्हणून. मोटारीत एक माणूस, ट्राममध्ये साठ-सत्तर, पण तुंबवते कोण तर ट्राम!

दुसरी गोष्ट युद्धाची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, सगळा भार ट्रामवर पडला, डबे आणि रूळ दोन्ही झिजले. युद्ध संपल्यावर हिशेब आला तो नव्यानं रूळ टाकायचा, नवे डबे घ्यायचा, एकदम सगळं. बसचं तसं नसतं, ह्या वर्षी पन्नास घ्या, पुढच्या वर्षी पन्नास.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात खरी वाटते, शहर ट्रामला सोडून पुढं निघून गेलं. ट्राम सगळी जुन्या मुंबईत, दादर-माटुंग्याच्या अलीकडं. म्युनिसिपालिटीची हद्द १९५० ला अंधेरी-भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ ला दहिसर-मुलुंडपर्यंत. माणूस तिकडं राहायला गेला, तिकडं रूळ कोण टाकणार? डांबरी रस्ता झाला की दुसऱ्या दिवशी बस सुरू करता येते. मग पन्नासच्या दशकात एकेक मार्ग कमी करत आणले, आणि मार्ग तुटले की उरलेल्यांचा उपयोग पण कमी होतो, कारण आता मधे उतरून बस धरायची तर माणूस पहिल्यापासनंच बस धरतो. तोटा दिसायला लागला तो इथं. आधी तोडली आणि मग म्हणाले चालत नाही.

स्टेट_हायवे_सुस्साट:
अण्णा तुम्ही सरळ बोलत नाही. अमेरिकेत बस आणि टायर कंपन्यांनी ट्राम विकत घेऊन बंद पाडल्या, कोर्टात सिद्ध झालंय. इथं पण तेच झालं असणार, कुणीतरी बसा विकल्याच ना.

लालबागचे_अण्णा:
सुस्साटराव, अमेरिकेतला खटला मला माहीत आहे. १९४९ ला शिक्षा झाली ती बसा आणि त्यांचा माल विकायची मक्तेदारी करायचा कट केला म्हणून. ट्राम बंद पाडायचा कट असं कोर्टानं म्हटलेलं नाही, ते लोकांनी नंतर जोडलं. आणि मुंबईत तर ट्राम पण बेस्टची, बस पण बेस्टची, १९४७ नंतर दोन्ही नगरपालिकेच्या. स्वतःच्या डाव्या हातानं उजव्या हाताविरुद्ध कट कुणी करतं का? नुसती डोळ्याला सवय झाली होती त्या काळच्या लोकांच्या, की बस म्हणजे पुढारलेलं आणि ट्राम म्हणजे मागासलेलं. मद्रासनं १९५३ ला बंद केली, जिथं देशातली पहिली विजेची ट्राम १८९५ ला धावली होती. दिल्लीनं १९६३ ला. सगळ्यांनी दहा-अकरा वर्षांत एकच विचार केला, ह्याला कट नाही म्हणत, फॅशन म्हणतात.

वायरमन_कुपवाड:
इलेक्ट्रिकलचा माणूस म्हणून एक ॲड करतो. अण्णांनी ट्रॉलीबस सोडली. मुंबईत जून १९६२ ला गवालिया टँक ते माझगाव डॉक ट्रॉलीबस सुरू केली होती, म्हणजे रबरी टायरची बस पण वीज वरच्या तारेवरनं. ट्रामला वर एकच तार लागते कारण करंट चाकातनं रुळात उतरतो आणि रुळातनं परत जातो. ट्रॉलीबसला खाली टायर, करंट परत जाणार कुठनं? म्हणून वर दोन तारा आणि टपावर दोन दांडे. दोन दांडे म्हणजे निसटायची भीती दुप्पट. आणि बस रस्त्यावर इकडंतिकडं सरकू शकते पण तारेच्या आवाक्यातच. म्हणजे ट्रामची अडचण पण ठेवली आणि रुळाचा फायदा पण घालवला. १९७१ ला ती पण बंद.

बाकी रूळ काय कुठं गेले नाहीत, वर नुसतं डांबर ओतलं बऱ्याच ठिकाणी. २०१७ ला फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीच्या वेळी हुतात्मा चौकात खणलं तर खालनं रूळ निघाले.

आणि पक्या, सांगली-मिरज ट्रामचं स्वप्न बघतोयस तर आधी २०१९ चा पूर आठव. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ट्रामची मोटर असते खाली, चाकांच्या जवळ. मुंबईत पण पावसाळ्यात रुळावर पाणी चढलं की ट्राम उभ्या राहायच्या. मारुती चौकात बोटी फिरत होत्या तिथं तू करंट सोडणार का?

विश्रामबागचा_पक्या:
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद, अण्णा आणि मिरज जंक्शन तुम्हाला जोडीनं भडंग लागू.

वायरमनभाऊ, पूर मान्य, पण पूर येतो तो नदीकाठच्या गावात, विश्रामबाग ते मिरज पट्टा उंचावर आहे, तिथं कुठं पाणी येतं? आणि दुसरं म्हणजे मिरज जंक्शन, तो १९०७ चा सांगलीचा फाटा गेला कुठं मग? स्टेशन चौक आहे पण तिथं स्टेशन दिसत नाही. तो फाटा आज असता तर ट्रामचीच जागा होती की ती.

मिरज_जंक्शन:
आता बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस. ब्रॉडगेज आली १९७० च्या आसपास तेव्हा पुणे-मिरज मेन लाईन वळवून सांगलीच्या बाजूनं घेतली, गावातलं जुनं स्टेशन गेलं, आत्ताचं स्टेशन बाहेरच्या अंगाला झालं. सगळे खूश, कारण सांगली मेन लाईनवर आली, मुंबईची गाडी दारात. त्या आनंदात गावाच्या पोटापर्यंत येणारा फाटा गेला ह्याचं कुणाला काही वाटलं नाही. आज पेठेत उतरायचं तर स्टेशनवरनं रिक्षा करा. म्हणजे १९०७ ला जे दुखणं बरं केलं होतं तेच परत लावून घेतलं, अंतर कमी झालं एवढंच.

बाकी तू म्हणतोस तसं मिरज ते विश्रामबाग उंचावर आहे, आणि तिथं आज पण रेल्वे आहेच की. मिरज, विश्रामबाग, सांगली, माधवनगर, सगळी स्टेशनं एका ओळीत. नवीन ट्राम टाकायला जमीन नाही, पैसा नाही, पण त्याच रुळावर दर अर्ध्या तासाला तीन-चार डब्यांची गाडी सोडली तर पक्याचा वडापचा त्रास निम्मा होईल. मालगाड्यांना वाट द्यायला लागते हे खरं, पण लाईन दुहेरी झाल्यावर ते कारण पण पातळ होतं.

भडंगप्रेमी:
विश्रामबाग स्टेशनवर उतरून पुढं परत वडापच ना 😄

कंदी_पेढा_सातारा:
कोलकात्याला ज्याला जायचं त्यानं लवकर जाऊन या. तिथं ट्राम १८७३ ला सुरू झालेली, म्हणजे मुंबईच्या एक वर्ष आधी, आणि २०२४ ला तिथल्या सरकारनं सांगितलं की मैदान ते एस्प्लनेड हा एक तुकडा ठेवून बाकी बंद करणार. मी गेलो होतो तेव्हा बसलो होतो. पुढच्या डब्यात पंखे, मागच्यात नाहीत, तिकिटाचा फरक किरकोळ. गाडी इतकी हळू की शेजारनं चालणारा माणूस पुढं जातो आणि सिग्नलला परत आपल्या खिडकीपाशी भेटतो. पण मैदानाच्या बाजूला जिथं रूळ गवतातनं जातात, मोटारींचा संबंध नाही, तिथं ड्रायव्हरनं जी सोडली ती बघून मला अण्णांचं म्हणणं पटलं. गाडी हळू नव्हतीच, तिला रस्ता मोकळा नव्हता.

लालबागचे_अण्णा:
ज्यांना कोलकात्याला जाणं जमत नाही त्यांनी मुंबईत आणिक आगारात बेस्टचं म्युझियम आहे तिथं जा, जुनी तिकिटं, ट्रामच्या प्रतिकृती, तिकीट पंच करायची यंत्रं सगळं मांडलंय. जायच्या आधी उघडं आहे का ते विचारून जा. आणि पक्या, कट्ट्यावरच्या त्या दुसऱ्याला सांग, तोटा झाला होता, पण कधीपासून झाला ते पण विचारायचं असतं.